पाण्याच्या अहवालातला रिकामा रकाना

मी राज्यशास्त्र शिकते. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीआधीच सुटला. तरी आज पाण्यातल्या कीटकनाशकांवर बोलायला उभी आहे, कारण हा विषय मला माझ्या विषयातलाच वाटतो. का, ते सांगते.

आमचं गाव हुक्केरी तालुक्यातलं, हिरण्यकेशीच्या काठचं. चहूबाजूंनी ऊस. लागण झाली की ॲट्राझिन, पुढं टू-फोर-डी. आमच्यात याला विष कुणी म्हणत नाही, ‘औषध मारलं’ म्हणतात. माझे बाबाही मारतात. खुरपणीला माणूस मिळत नाही, त्यांना दोष देऊन मला घरात जेवता यायचं नाही. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बोअरच्या कट्ट्यावर एकजण फवारणीचा पंप धुताना मी पाहिला. त्याच बोअरवर गावाची टाकी भरते.

पाण्याचा नमुना तपासायला दिला. अहवाल आला. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, सगळे आकडे. कीटकनाशकांसमोर नुसती एक रेघ. विचारलं तर म्हणाले, ते यंत्र इथं नाही. अहवाल कन्नडमध्ये होता. तो मराठीतही मिळावा ही आपली मागणी आहेच. पण रेघ वाचायला मला कुठलीच भाषा लागली नाही.

आता कायद्याचं बघा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात अठरा कीटकनाशकांच्या मर्यादा आहेत. ॲट्राझिन लिटरला २ मायक्रोग्रॅम, क्लोरपायरिफॉस ३०, मॅलॅथिऑन तर १९०. जल जीवन मिशनही हेच मानक धरतं. पण नळाला पाणी सोडणाऱ्यावर ते पाळायचं कायद्याचं बंधन नाही. गावात बायकांच्या हाती दिलेल्या तपासणी पेटीत ही रसायनं कळतच नाहीत, त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफसारखं महागडं यंत्र लागतं.

आणि बाटलीतलं पाणी? २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं बाटल्यांमध्ये कीटकनाशकं दाखवली, मग शीतपेयांमध्ये. संसदेची संयुक्त समिती नेमली गेली, अध्यक्ष शरद पवार. २००४ च्या फेब्रुवारीत समितीनं ते निष्कर्ष मान्य केले. बाटलीबंद पाण्याचे नियम कडक झाले: कुठलंही एक कीटकनाशक ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, सगळी मिळून ०.५. म्हणजे क्लोरपायरिफॉस बाटलीत जेवढं चालतं त्याच्या तीनशेपट नळात चालतं! माझ्या आज्जीनं बाटली विकत घ्यावी, असंच हे झालं की.

हा ०.१ आकडा युरोपचा, १९८० चा. त्यामागं कुठलं रसायन किती घातक याचं गणित नव्हतं. तेव्हाच्या यंत्रांना जेवढं कमीत कमी मोजता येई, साधारण तेवढा आकडा धरला. पाण्यात हे असूच नये, असा तो निर्णय होता. राजकीय निर्णय. म्हणून म्हटलं, माझ्या विषयातलंच आहे.

आपल्या अठराच्या यादीत एंडोसल्फान आहे, ज्यावर सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच बंदी घातली. ग्लायफोसेट मात्र नाही, जे कुठल्याही कृषी दुकानात दिसतं. तालुक्यात जे विकलं जातं त्यावरून तपासणीची यादी ठरायला हवी. विक्रीची नोंद दुकानदाराकडं असतेच. नमुनाही फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात घ्यायला हवा. उन्हाळ्यात एकदा बाटली भरून नेली तर काय सापडणार?

आणि नदीचं काय? हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगवते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते, पुढं घटप्रभेला मिळते. वरची फवारणी एका राज्यात, खालचं पिणं दुसऱ्या. प्रदूषण मंडळं दोन. वरच्या मंडळानं काय तपासलं ते खालच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं, एवढं मागायला सीमावादाचा निकाल लागायची वाट बघायला नको.

येत्या ग्रामसभेत मी तो रेघेचा अहवाल घेऊन जाणार आहे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “आधी कट्ट्यावर पंप धुण्याचं काढ. ते आपल्या हातात आहे. मी बोलतो.”