वल्हे आणि उपचारविद्या : पॉल ओडोनोव्हन यांची वाटचाल



खेळ की अभ्यास, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. एकाची निवड केली की दुसऱ्याचा त्याग अटळ, असेच त्यात गृहीत धरलेले असते. आयर्लंडचे नौकानयनपटू पॉल ओडोनोव्हन यांची कारकीर्द या गृहीतकाचा फेरविचार करायला लावते.

१९९४ मध्ये जन्मलेले ओडोनोव्हन कॉर्क परगण्यातील स्किबरीन या छोट्या गावाच्या परिसरात वाढले. तेथील इलेन नदीवर त्यांनी वल्हे हाती घेतले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कमी वजनी गटाच्या दुहेरी स्कल्स प्रकारात थोरले बंधू गॅरी यांच्यासह त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या ०.५३ सेकंदाने हुकले. तरीही नौकानयनातील आयर्लंडचे ते पहिले ऑलिम्पिक पदक ठरले. त्या वेळी पॉल डब्लिन येथे भौतिकोपचार शास्त्राचे विद्यार्थी होते.

या शास्त्राचा नौकानयनाशी निकटचा संबंध आहे. २,००० मीटरच्या शर्यतीत प्रत्येक वल्ह्याचा जोर पायांतून निघून पाठीमार्गे हातांपर्यंत पोहोचतो. सरावात हीच हालचाल हजारो वेळा होते. त्यामुळे कंबरदुखी ही नौकानयनपटूंची नेहमीची व्याधी असते. बरगड्यांना ताणामुळे सूक्ष्म तडेही जातात. हालचालीतील दोष ओळखणे, सरावाचा भार बेताने वाढवणे आणि दुखापतीनंतर स्नायूंना पुन्हा सक्षम करणे, हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे कार्य होय.

पुढे ओडोनोव्हन यांनी कॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. ते सुरू असतानाच फिंटन मॅकार्थी यांच्यासह त्यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत ६ मिनिटे ५.३३ सेकंद अशी जागतिक विक्रमी वेळ नोंदवली आणि नंतर सुवर्णपदक पटकावले. २०२४ मध्ये पॅरिस येथे या जोडीने ते राखले.

याच प्रकारात टोकियो येथे भारताच्या अर्जुनलाल जाट व अरविंद सिंह यांनी अकरावे स्थान मिळवले. पुण्याच्या लष्करी नौकानयन केंद्रात घडलेल्या या जोडीची ही कामगिरी ऑलिम्पिक नौकानयनातील भारताची सर्वोत्तम कामगिरी आहे.

मात्र पॅरिसनंतर कमी वजनी गट ऑलिम्पिकमधून वगळण्यात आला. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत त्याला स्थान नाही. ज्या गटासाठी खेळाडूंनी उमेदीची वर्षे वेचली, तो एका निर्णयाने संपुष्टात आला. खेळाडूच्या हाती दुसरी विद्या का असावी, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्या देशातही २०२१ च्या कायद्याने भौतिकोपचारासह संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या शिक्षणाचे व सेवेचे नियमन करण्यासाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे. मैदानाची ओढ असलेल्या विद्यार्थ्यांनी या क्षेत्राचा अवश्य विचार करावा. ओडोनोव्हन यांनी पहाटेचा सराव आणि परीक्षेचा अभ्यास एकाच दिनक्रमात बसवला. वेळेचे असे नियोजन विद्यार्थिदशेतच अंगी बाणले, तर पुढे एखादी वाट बंद झाली तरी दुसरी खुली राहते.