तोंडावरचे बोट काढू या



आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात एक मुलगी येत असे. शाळेच्या नोंदीत तिच्या वडिलांचे नाव चुकले होते. तिला ते पाचवीतच कळले. पण सातवीपर्यंत ती कोणाजवळ बोलली नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "विचारायचे कसे, तेच कळत नव्हते." तिला दोष कसा द्यावा? वर्ग भरताच आम्हीच सांगत होतो, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

तेव्हापासून आम्ही रोजचा अर्धा तास प्रश्नोत्तरांच्या खेळांना दिला.

पहिला खेळ वीस प्रश्नांचा. एकाने मनात वस्तू धरायची, इतरांनी ती ओळखायची. उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही'. सुरुवातीला मुले "खडू का? पाटी का?" असे अंदाज ठोकीत आणि हरत. एकाने "ती सजीव आहे का?" असे विचारले आणि खेळाचे मर्म सर्वांना उमगले. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या होत गेल्या, तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून अधिक वस्तूंतून नेमकी एक सापडते.

दुसरा खेळ चेंडूचा. प्रश्न विचारून चेंडू टाकायचा. झेलणाऱ्याने उत्तर देऊन परत करायचा. अट एकच : पुढचा प्रश्न मिळालेल्या उत्तरातूनच निघाला पाहिजे. "सुट्टीत कुठे गेलास?" "मामाकडे." "मामाकडे काय पाहिलेस?" "विहीर." जो लक्ष देऊन ऐकत नाही, त्याला पुढचा प्रश्न सुचत नाही. चांगले बोलणे हे चांगल्या ऐकण्यातून येते, ते असे.

ही रीत आपल्याला परकी नाही. खुद्दकपाठातील 'कुमारपञ्ह' म्हणजे एक ते दहा या आकड्यांवर गुंफलेले दहा प्रश्न आणि त्यांची उत्तरेच आहेत.

मातापित्यांना आमची विनंती आहे. "जेवलास का?" या प्रश्नाला मूल "हो" म्हणते आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" असे विचारा. त्याने उलट प्रश्न केला, तर "फार बोलतोस" म्हणून गप्प बसवू नका.

त्या मुलीचे पुढे काय झाले? एके दिवशी ती एकटीच शाळेच्या कार्यालयात गेली आणि म्हणाली, "सर, वडिलांचे नाव दुरुस्त करायला कोणते कागद लागतात?" कागद आम्ही जमवून दिले, प्रश्न मात्र तिचा होता.