चंद्राचा सूर्य होईल काय?

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गेल्या महिन्यात एका प्राथमिक शाळेस भेट देण्याचा योग आला. पाचवीतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "साहेब, चंद्राचाच सूर्य करता येणार नाही का? बाबांना रात्री पिकाला पाणी द्यायला जावं लागतं." वर्ग हसला. मीही हसलो आणि विषय बदलला. मी कला शाखेचा पदवीधर. उत्तर येत नव्हते, हेच त्याचे खरे कारण. परतीच्या वाटेवर मात्र त्या हसण्याची लाज वाटली. बिबट्याच्या आणि सापाच्या धास्तीने ज्या घराला रात्रभर झोप नसते, त्या घरातून तो प्रश्न आला होता. त्याचे उत्तर मी नंतर शोधले, ते आपणापुढे ठेवतो.

आकाशात चंद्र व सूर्य यांची बिंबे जवळजवळ सारखीच दिसतात; खग्रास सूर्यग्रहण घडते ते यामुळेच. तेवढ्याच बिंबातून सूर्याइतका उजेड हवा, तर चंद्राचा पृष्ठभागही सूर्याइतकाच, म्हणजे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापला पाहिजे. एवढ्या उष्णतेत खडक नुसता वितळत नाही, त्याची वाफ होते. त्या वाफेतील ऑक्सिजनचे अणू सेकंदास सुमारे ३ किलोमीटर वेगाने धावू लागतील आणि चंद्राची ओढ तोडण्यास २.४ किलोमीटरचा वेग पुरतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटावयास ६१८ किलोमीटरचा वेग लागतो, म्हणूनच तो आपला तप्त वायू धरून बसला आहे. चंद्र मात्र पेटला की विरू लागेल.

इंधनाचा हिशेब याहून गमतीचा आहे. सूर्य दर सेकंदास ४० लाख टनांहून अधिक वस्तुमानाची ऊर्जा करतो. चंद्र आपल्या इतका जवळ, की त्याला सेकंदास अवघे २८ टन पुरतील! तो सगळा हायड्रोजनचा असता, तर ५० कोटी वर्षांहून अधिक काळ जळला असता. परंतु तो आहे ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह अशा द्रव्यांचा. लोहाच्या अणुकेंद्रांच्या मीलनातून तर ऊर्जा मिळतच नाही. शिवाय हायड्रोजन आपोआप पेटावा एवढा दाब येण्यास सूर्याच्या सुमारे ८ टक्के वस्तुमान लागते. चंद्र सूर्याच्या पावणेतीन कोटीव्या हिश्श्याएवढा! खुद्द गुरू ग्रह सुमारे ८० पट जड असता, तरच तारा झाला असता. आर्थर क्लार्क यांनी १९८२ च्या 'ओडिसी टू' या कादंबरीत गुरूला पेटविले आहे. कादंबरीकाराला ती मुभा असते.

रात्र उजळण्याचा खरा प्रयत्न रशियाने केला. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी अंतराळात २० मीटर व्यासाचा आरसा उलगडण्यात आला. त्याचा सुमारे ५ किलोमीटर रुंदीचा कवडसा युरोपवरून सरकत गेला. उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. १९९९ मधील दुसरा आरसा यानाच्या अँटेनात अडकून फाटला आणि पुढे तो उपक्रम बारगळला.

आणि समजा, साधले असते तरी? आपले सोयाबीन रात्रीची लांबी मोजून फुलावर येते. रस्त्यावरील दिव्याखालच्या ओळी बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरव्याच राहतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. शेवंतीचे बागायतदार तर फुलोरा लांबविण्यासाठी मुद्दाम रात्री दिवे लावतात. रात्रच नाहीशी झाली, तर त्या मुलाच्या वडिलांनी पाणी द्यावयाचे ते कशाला?

त्या मुलाला दुसरा सूर्य नको आहे. त्याला वडील रात्री घरी हवे आहेत. त्यासाठी १५ कोटी किलोमीटरवरचा सूर्य पुरेसा आहे. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. तिला उपकेंद्राजवळची जमीन लागते, आणि गायरानाचा विषय निघाला की ग्रामसभेत काय होते, ते आपण माझ्याहून अधिक जाणता. त्या गावची जागा अद्याप ठरलेली नाही. पुढील महिन्यात मी तेथे पुन्हा जाणार आहे. मुलाला चंद्राचे गणित फळ्यावर करून दाखवीन. जागेचे काय झाले, हे तो विचारील, तेव्हा सरपंचांनी माझ्या शेजारी उभे राहावे, एवढी विनंती आहे.