पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण म्हणतों. परंतु विंचवाला दररोज लंडनच्या कचेरींत हजेरी द्यावी लागत नाहीं. माझ्या धाकट्या मुलीस लागते. ती पुण्यांत घरीं बसून लॅपटॉपवर तेथील काम करिते, आणि तिच्या पगारांतून आमच्या घराच्या कर्जाचा हप्ता जातो. तीच मुलगी सॅक पाठीवर घेऊन सहा महिने थायलंडांत हिंडावयाचें म्हणूं लागली, तेव्हां घरांत जी खळबळ उडाली तिची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवितों.

मीं जन्मभर शाळामास्तरकी केली. सहलीपूर्वीं डबे आणि सतरंज्या मोजणें एवढीच माझी तयारी. म्हणून मीं प्रथम विचारलें, "सॅकमध्यें काय काय नेणार?" ती म्हणाली, "अण्णा, सॅक शेवटीं. आधीं घड्याळ पाहायचें." तें खरें होतें. उन्हाळ्यांत लंडनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां पुण्यांत दुपारचा दीड आणि थायलंडांत तीन वाजलेले असतात. म्हणजे तेथें काम तीनपासून रात्रीं अकरापर्यंत. ऑक्टोबरअखेर लंडनचीं घड्याळें तासभर मागें गेलीं कीं मध्यरात्रीपर्यंत. सकाळ हिंडण्यास मोकळी. पण रात्रीं बारापर्यंत बोलतां यावें अशी स्वतंत्र खोली हवी. दहाजणांनीं मिळून निजण्याच्या स्वस्त खोलीचा बेत तेथेंच बारगळला.

पुढें परवानगी. प्रवाशाच्या व्हिसावर काम चालतें कीं नाहीं, हा प्रश्न "सगळेच करतात" या उत्तरानें मिटत नाहीं. थायलंडनें जुलै २०२४ मध्यें अशा लोकांकरितां निराळा व्हिसा काढला: मुदत पांच वर्षें, एका खेपेस १८० दिवस मुक्काम, आणि खात्यांत ५ लाख बाट असल्याचा पुरावा. त्याहून अवघड ठरली कचेरीची लेखी संमति. लॅपटॉप परदेशीं नेतां येईल कीं नाहीं, या एका प्रश्नास उत्तर मिळण्यास पांच आठवडे लागले. तोंवर तिकीट काढूं नकोस, असें मीं वडीलकीच्या अधिकारानें बजावलें.

उत्तरेकडील चिआंग माई हें या मंडळींचें आवडतें शहर. परंतु फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतांतील व रानांतील आगींचा धूर तेथें दाटतो. मुलीस लहानपणापासून दमा. म्हणून ऑगस्टांत निघून जानेवारींत परतावयाचें ठरलें.

खरी शिकवण मिळाली ती रंगीत तालमींत. जूनमध्यें ती कामासह आठ दिवस गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घरीं जाऊन राहिली. तिसऱ्या दिवशीं वरिष्ठांशीं बोलतां बोलतां वीज गेली, पाठोपाठ इंटरनेटही. फोनवरून जोडून घ्यावें तर तिच्या सिमकार्डाला तेथें सिग्नल नव्हता. बरेच शब्द ऐकून घ्यावे लागले. शिवाय बँकेचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तें सिमकार्ड पुण्यांत राहिलेलें! हप्त्याची तारीख दुसऱ्या दिवशीं होती. तो मीं माझ्या पेन्शनांतून भरला. आतां दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें आणि १०० वॉट-तासांच्या आंतील पॉवर बँक असा सरंजाम झाला आहे. ही पॉवर बँक विमानांत हातच्या सामानांतच ठेवावी लागते.

परवां भरलेली सॅक घेऊन ती माझ्याबरोबर पर्वती चढली. वजन ११ किलो. अर्ध्या वाटेवर पायरीवर बसून तिनें वस्तु बाहेर काढण्यास प्रारंभ केला: जाड टॉवेल, जादा बूट, आणि मीं भेट दिलेला शब्दकोश. तो मीं मुकाट्यानें बगलेंत मारला आणि वरपर्यंत नेला.