ठिपक्यांत दडलेली भाषा

अपेनाइन पर्वत आणि आद्रियातिक समुद्र यांच्यामधील पट्ट्यांत, इ. स. पूर्व ६ व्या शतकापासून ४ थ्या शतकापर्यंत एक भाषा दगडांवर कोरली जात होती. विद्वान् तिला 'दक्षिण पिसेन' म्हणतात. ओस्कन व अंब्रियन या तिच्या सख्ख्या बहिणी. लॅटिन ही चुलत बहीण. तिचे उपलब्ध लेख अवघे २०-२५, तेही बहुधा थडग्यांवरील. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर भाषेचा अर्थ लावावयाचा, आणि त्यांतही तिच्या ठिपक्यांनीं वाचणारांना फार काळ चकविलें!

या लेखांत ठिपके तीन तऱ्हांचे: एकटा, एकाखालीं एक असे दोन, आणि तसेच तीन. ठिपका आला कीं शब्द संपला, असें मानणें स्वाभाविक होतें. रोमन लोकही शब्दांमध्यें बिंदु देत. पण तसें वाचूं जातां शब्दांच्या चिंध्या होत. श्रोत्यांनीं कागदावर एक वाटोळें काढावें आणि तें लहान लहान करीत जावें. शेवटीं बिंदु उरतो. तो 'ओ'. इंग्रजी आठाचा आकडा तसाच आक्रसला कीं दोन बिंदु उरतात. तो 'फ'. शब्द तोडण्याचें काम तीन ठिपक्यांकडे होतें. १९८५ मध्यें आन्ना मारिनेत्ती यांनीं हे सर्व लेख संपादून प्रसिद्ध केले. तेव्हांपासून हें नवें वाचन सर्वमान्य झालें.

त्याचें फळ बेल्लान्ते येथील शिळेवर दिसतें. तिच्यावर एक मनुष्याकृति असून भोंवतीं लेख आहे. वाटेनें जाणाऱ्यास तो सांगतो कीं, येथें पुरलेल्या माणसाचें हें 'तोकम्' तूं पाहत आहेस. 'तोकम्' म्हणजे आच्छादन कीं आणखी कांहीं, यावर अद्याप वाद आहे. परंतु 'वियम् विदेतास्', 'तेतिस् तोकम्' अशा अनुप्रासाच्या जोड्या पाहिल्या म्हणजे लिहिणारा कवि होता, यांत संशय राहत नाहीं. ठिपक्याला विराम समजल्यानें 'तोकम्' फुटत होता, आणि त्याबरोबर ती जोडीही.

पेन्ना सांत आंद्रेया येथील शिळांवर 'सफिनुस्' हा शब्द येतो. रोमच्या इतिहासांतील सॅबाइन व सॅम्नाइट हीं नांवें याच मुळांतून निघालीं. त्यांतील 'फ' अर्थातच दोन ठिपक्यांचा. जुन्या वाचनांत या लोकांचें स्वतःचें नांवच मधोमध तुटत असे.

कास्तिन्यानोची शिळा मात्र मराठी कानाला परकी वाटणार नाहीं. तिचे आरंभींचे दोन शब्द 'मातेरेइह्' आणि 'पातेरेइह्': आईस, बापास. आईचा मान पहिला.