दुसऱ्या दिवसाची पेटी
(आगमनकाळातील सभेत दिलेले भाषण)



नाताळचे कार्ड पाठवण्याची चाल आपल्याकडे इंग्रजांकडून आली. पहिले छापील कार्ड 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून करवून घेतले. मध्यभागी टेबलाभोवती जमलेले आनंदी कुटुंब आहे. पण दोन्ही बाजूंनाही चित्रे आहेत : एकीकडे भुकेल्यांना अन्न, दुसरीकडे उघड्यांना वस्त्र.

इंग्रज कुटुंबांत 25 डिसेंबरला सगळे एकत्र जेवतात. टर्की, पुडिंग, डोक्यावर कागदी मुकुट. पूर्वी सधन घरांतले नोकर त्या दिवशी वाढायला उभे असत. 26 तारखेला त्यांना घरी जायला सुट्टी मिळे आणि हाती भेटीची पेटी. पोस्टमन, दूधवाला यांनाही 'ख्रिसमस बॉक्स' मिळे. त्यावरूनच 'बॉक्सिंग डे' हे नाव पडले, असे मानतात. 1871 च्या कायद्याने तो सुट्टीचा दिवस झाला. ती पेटी म्हणजे भीक नव्हती. वर्षभर राबलेल्या, नावाने ओळखीच्या माणसाची ती आठवण होती.

हाच दिवस संत स्तेफनाच्या स्मरणाचा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वाचा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. अन्न होते, पण वाढणाऱ्यांची नजर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून सात सेवक निवडले गेले. त्यांत पहिले नाव स्तेफनाचे.

एका वर्षी आमच्या वसतिगृहात नाताळनिमित्त कपड्यांची मोठी पेटी आली. चेन तुटलेले स्वेटर, मोठ्या माणसांच्या पँटी. पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, "ताई, देणाऱ्यांना आमचं माप ठाऊक नाही का?" मला उत्तर देता आले नाही. कारण ते माप मीही कुणाला कळवले नव्हते.

प्रियजनहो, कार्डाच्या मधले चित्र आपण प्रेमाने जपले आहे. बाजूची दोन चित्रेही त्याच कार्डावर आहेत. यंदा पेटी भरण्याआधी आमच्याकडून मुलांची नावे आणि मापे मागवून घ्या. एकच स्वेटर द्या, पण एका मुलाला बरोबर बसेल असा द्या. आणि जमले तर 26 तारखेला स्वतः घेऊन या.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.