नाईक यशवंत घाडगे आणि त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘फौजेतले अनुभव सांग’ असा हुकूम केला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझे अनुभव तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत एवढे ऐकलेत की आता तुम्हीच मला सांगाल. म्हणून आज मी दुसऱ्याच एका नाईकाबद्दल बोलतो. आपल्याच तालुक्यातला माणूस, पळसगावचा. माणगावला तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. सातबारा काढायला, दाखल्याला, मुलांच्या जातीच्या प्रमाणपत्राला आपण सगळे त्या पुतळ्यापुढून कितीदा गेलो असू! नाव सगळ्यांना माहीत आहे, ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे दोन शब्द माहीत आहेत. तिथून पुढे विचारलं की आपण गप्प.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. शेतीवर भागत नाही म्हणून मुंबईची गिरणी किंवा पलटण, हे दोनच रस्ते कोकणातल्या पोराला दिसायचे. हे पलटणीत गेले. ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. नाईक झाले, म्हणजे बाहीवर दोन फिती आणि हाताखाली एक सेक्शन.

सेक्शन म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साधारण दहा माणसं. कंपनी मोठी असते, प्लाटूनलाही साहेब असतो, पण सेक्शन हे घर. मी स्वतः नाईक असताना माझ्या सेक्शनमध्ये कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कोण झोपेत दात खातो, कोणाच्या घरी म्हैस आटली आहे, कोणाची बायको दिवसांत आहे, हे सगळं मला पाठ होतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं आम्हीच लिहायचो. नाईक हा अधिकारी नसतो हो. तो त्यांच्यातलाच एक, फक्त आधी उठणारा आणि शेवटी जेवणारा.

आता १९४४ च्या उन्हाळ्यात चला, इटलीत. ४ जूनला रोम दोस्तांच्या हाती आलं. जर्मन उत्तरेकडे मागे सरत होते, पण पळत नव्हते. प्रत्येक टेकडीवर मशीनगन मांडून बसायचे, समोरच्याचा दिवस खायचे, रात्री पुढच्या टेकडीवर जायचे. रोममधून वाहते ती टायबर नदी. तिच्या वरच्या खोऱ्यात आपली १० वी इंडियन डिव्हिजन एकेक टेकडी घेत चालली होती. तिच्यातच ही तिसरी मराठा.

१० जुलै. इकडे माणगावात त्या दिवसांत लावणी चालू असते, चिखलात वाकलेल्या बाया आणि डोक्यावर इरली. तिकडे ऊन. घाडगेंच्या कंपनीने एका मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला आणि त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. पदकाच्या सरकारी नोंदीत एका वाक्यात लिहिलं आहे की, कमांडर सोडून सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले.

त्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. बेळगावला ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा आम्हा पोरांना पुढचं ऐकायची घाई होती. नंतर स्वतःच्या हाताखाली दहा माणसं आल्यावर ते वाक्य मला कळलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळं घर आडवं.

अशा वेळी आडोसा धरून पडून राहणं यात लाज नसते. मागून कुमक येईपर्यंत थांबायचं, असं कोणीही सांगेल. आपल्याबरोबर यायला कोणी उरलेलं नाही हे पक्कं ठाऊक असताना घाडगे उठले आणि सरळ मशीनगनवर धावले. आधी ग्रेनेड टाकला. गन बंद पडली, चालवणारा गेला. टॉमीगनने आणखी एकाला मारलं. तोवर मॅगझिन रिकामं. टॉमीगनचं वीस गोळ्यांचं मॅगझिन सलग दाबलं तर दोन-तीन सेकंदांत संपतं, बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि समोर अजून दोघं उभे. त्यांनी गन उलटी केली, नळी धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं. गोळीबाराने तापलेली नळी उघड्या हाताने धरणं काय असतं ते फौजेत राहिलेल्यांनाच विचारा. त्यानंतर दुसरीकडून स्नायपरच्या गोळ्या लागल्या, छातीत आणि पाठीत. जे ठाणं घेतलं त्यातच ते गेले. वय वर्षं बावीस.

हे सगळं मिळून एखाद-दोन मिनिटांचं असेल. त्याआधीच्या बावीस वर्षांतलं काय शिल्लक आहे? फारच थोडं. क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांची समाधी कुठे सांगता येत नाही अशांच्या यादीत, त्यांचं नाव कोरलेलं आहे. आणि २०२३ साली पेरूजाजवळच्या मोंतोने नावाच्या लहानशा गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे. मला हे आवडलं. फौजेची तोफ उभी केली असती तर एवढं आवडलं नसतं.

मधल्या सुट्टीत आपल्यातल्या एकाने मला अडवलंच: ‘इंग्रजांसाठी मेला, त्याचं एवढं काय?’ प्रश्न रास्त आहे. १९४२ ला शेजारच्या महाडात कचेरीवर मोर्चा गेला होता, गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, माणसं पडली होती. त्या मोर्चातले आणि इटलीतले, दोन्हीकडचे आपल्याच खोऱ्यातले. १९३९ मध्ये हिंदुस्तान युद्धात उतरला, असं व्हाइसरॉयने परस्पर जाहीर केलं. मोठमोठ्या पुढाऱ्यांना विचारलं नाही, तिथे पळसगावच्या शेतकऱ्याच्या पोराला कोण विचारतो? पण त्या टेकडीवर तो इंग्रज राजासाठी उठला असं मला वाटत नाही. मी फौजेत बावीस वर्षं काढली, राजासाठी किंवा सरकारसाठी उठणारा माणूस मी पाहिला नाही. पायाशी पडलेल्या त्या माणसांसाठी तो उठला. तुम्हाला पटलं नाही तर जेवताना भांडू.

मला सलतं ते वेगळंच. घाडगेंचं नाव निदान पुतळ्यावर आहे. त्यांच्याबरोबरच्या बाकीच्यांचं काय? पदकाच्या नोंदीत त्यांची नावं नाहीत. इटलीत भारतीय फौजेची ५,७८२ माणसं मेली. दुसऱ्या महायुद्धात आपली पंचवीस लाखांची फौज होती. कोकणातल्या मराठ्यांची पलटणीत भरती मोठी, म्हणजे आपल्याच माणगाव, महाड, पोलादपूरच्या वाड्यांतून कितीतरी गेले असणार. त्यांतले जे परत आले त्यांनी घरी फारसं काही सांगितलं नाही, आणि जे आले नाहीत त्यांच्याबद्दल ‘लढाईत गेला’ एवढंच घरातल्या म्हाताऱ्या बोलत राहिल्या.

तर माझं एक काम आहे तुमच्याकडे. घरी गेल्यावर माळ्यावरची जुनी ट्रंक उघडा. आजोबांचं, चुलत आजोबांचं पेन्शनबुक, डिस्चार्जचा कागद, पितळी बिल्ला, जे सापडेल ते. पदक असेल तर फेकू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. इकडच्या बऱ्याच पदकांच्या कडेला शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघा. जे मेले त्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत असते, आणि कित्येकांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, जिल्हाही दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगमुळे गाव ओळखणं कठीण जातं. ‘हे आमचंच गाव’ असं सांगायला गावचाच माणूस लागतो. मुलांच्या मोबाइलवरून फोटो काढून मला पाठवा. गाव, नाव, नातं लिहून पाठवा. वही मी घातली आहे. त्यात आज अकरा नावं आहेत, त्यांतली चार आपल्या वर्गातल्या घरांमधली.

मुख्याध्यापकांनी वाचनालयाची एक भिंत द्यायचं कबूल केलं आहे. फलकाचा खर्च आपल्या तुकडीचा. नावं पूर्ण व्हायची वाट बघत बसायचं नाही. जेवढी होतील तेवढी येत्या २६ जानेवारीला लावू आणि खाली जागा मोकळी ठेवू.